रिकाम्या तलावातले कोरडे सर

पोहण्याचे सर म्हणून आम्ही ज्यांना ओळखत होतो, त्यांच्या अंगावर चार वर्षांत मी पाण्याचा एक थेंब पाहिला नाही. तलावाच्या काठापासून ते बरोबर तीन पावलं लांब उभे राहत. कुणी मुद्दाम पाय आपटून पाणी उडवलं, तर चौथं पाऊल मागं घेत आणि म्हणत, "पोट्टेहो, पाण्याले माह्याकडं धाडू नका. तुमीच पाण्याकडं जा." अंगात एसटी डेपोतली खाकी पँट, पायात जाड बूट, गळ्यात स्टॉपवॉच आणि खांद्यावर ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापलेल्या लांब पट्ट्या. आम्ही पोरांनी त्यांचं नाव 'कोरडे सर' ठेवलं. नव्यानं आलेल्या मुलांच्या आयांना ते आडनावच वाटायचं. त्या "नमस्कार कोरडे सर" म्हणायच्या आणि सर दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार करायचे. त्यांनी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

मी आज नागपुरात पोहणाऱ्या मुलामुलींना पाण्याबाहेरचा व्यायाम शिकवते. खांदे, पोट, कंबर, पाय, सगळं पाण्यात उतरण्याआधी तयार करून घ्यायचं, हा माझा धंदा. भिंतीला रंगीत रबरी पट्टे टांगलेले आहेत, खाली मऊ गादी आहे, मुलं मला 'मॅम' म्हणतात. यातलं निम्म्याहून अधिक कोरडे सरांचं आहे आणि मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण ही चोरी म्हणजे माझ्या अपराधातला लहान भाग झाला. मोठा भाग सांगायला मला बारा वर्षं लागली. वाशिममध्ये ज्यांना सर आठवत असतील त्यांनी हे वाचावं. त्यांच्याविषयी तुम्ही काही वाईट ऐकलं असेल, तर ते माझ्यामुळे ऐकलंत.

आमचा तलाव म्हणजे एका मंडळानं हौसेनं बांधलेला पंचवीस मीटरचा हौद. पाऊस बरा झाला तर ऑगस्टमध्ये भरायचा आणि होळी झाली, विहिरी आटायला लागल्या, की रिकामा व्हायचा. गावात प्यायला टँकर फिरत असताना पोहायला पाणी कोण मागणार? मोठ्या शहरांतली मुलं बारा महिने पोहायची आणि आम्ही सहा. मग उरलेले सहा महिने आम्ही शिडीवरून रिकाम्या तलावात उतरायचो आणि कोरडे सरही उतरायचे. ते तलावात उतरायचे ते फक्त तेव्हाच. पहाटे साडेपाचला त्या निळ्या फरशीवर आमच्या रांगा लागायच्या, आवाज भिंतींवरून घुमायचा. एकदा एका पालकानं वरून वाकून विचारलं, "पाणी नाही तर पोरं काय शिकून राह्यली इथं?" सर खालूनच म्हणाले, "साहेब, पाणी टँकरचं हाये, येईन तवा येईन. आंग तं आपलं हाये."

सर डेपोत टायर विभागात होते. त्यांची भाची आमच्यासोबत पोहायची, तिला सोडायला यायचे. वाट पाहता पाहता पोरांचे हातपाय बघून काही काही सांगायला लागले. पुढे भाची पोहणं सोडून गेली आणि सर राहिले. पाण्यातलं शिकवायला तलावावर एक जीवरक्षक होते. ते कोरडे सरांना मानायचे, कारण सरांनी सहा महिने तयार केलेली पोरं पाण्यात उतरली की त्यांचं काम सोपं व्हायचं. मंडळानंही हरकत घेतली नाही. फुकटात मिळणाऱ्या माणसाला हरकत कोण घेतं?

त्यांची सगळी सामग्री डेपोच्या भंगारातली होती. शिडीच्या दांड्याला ट्यूबची पट्टी बांधायची, कंबरेत वाकायचं आणि पाणी मागं ढकलल्यासारखी पट्टी ओढायची. "कोपर वर! कोपर पडलं का पाणी निसटलं!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की भाजी ढवळतानासुद्धा माझं कोपर वर असतं. सोयाबीनच्या पोत्यात अर्धी वाळू भरून ते पाठीवर घेऊन तळाचा उतार चढायचा. हाताच्या कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं ताठ धरायचं. त्यात कुणाची कंबर खाली आली की सर जवळ येऊन हळूच सांगत, "पोट म्हंजे घराचं आढं हाये. हातपाय किती बी मार, आढं वाकलं तं घर बसलंच समज."

शुक्रवारी कोरडी शर्यत असायची. ही माझ्या माहितीत दुसरीकडे कुठंच नव्हती. दोन टायरांवर एक फळी ठेवायची, तिच्यावर पालथं पडायचं, हातात ट्यूब आणि डोळे मिटलेले. प्रत्येकाला आपल्या पन्नास मीटरला किती हात लागतात ते पाठ असायचं. माझे सेहेचाळीस. तेवीस हात झाले की उठून पळत जाऊन भिंतीला हात लावायचा, परत येऊन उरलेले तेवीस. सर स्टॉपवॉच लावून फळ्यांच्या मधून फिरायचे आणि कान खाली करून आमचे श्वास ऐकायचे. मी एकदा दम टिकत नाही म्हणून जास्तीचा श्वास घेतला. शर्यतीत पहिली आले. सर म्हणाले, "तू दुसरी." मी भांडले. ते म्हणाले, "अठराव्या हाताले श्वास चोरला तू. तिथं तोंड पाण्यात असते. पाणी असतं तं आतापर्यंत खोकलत राह्यली असती." मला तेव्हाही खाली बघावं लागलं होतं, पण ते खाली बघणं फारच स्वस्तातलं होतं.

माझ्या आईला माझ्या खांद्यांची काळजी होती. पोरीचे खांदे असे रुंद झाले तर पुढं कसं व्हायचं, हे ती घरी रोज म्हणायची. एक दिवस ती तलावावरच येऊन थडकली. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, खांदा रुंद झाला तं काही बिघडत नाही. अरुंद खांद्याच्या बाया काय कमी ओझं उचलून राह्यल्या? हे निदान नीट उचलन." आई घरी येऊन बाबांना म्हणाली की माणूस आगाऊ आहे, पण त्यानंतर तिनं खांद्याचा विषय काढला नाही.

ओझ्याच्या बाबतीत मात्र सरांचा एक नियम होता आणि त्यात सवलत नव्हती. डोक्याच्या वर वजन न्यायचं नाही. "अठरा वर्सं व्हईपर्यंत नाही म्हंजे नाही. मी डेपोत वीस वर्सं टायर उचलून राह्यलो. कोणाचा खांदा कायनं गेला, ते मले त्याच्या शर्ट काढण्यावरून समजते." पोहणाऱ्याचा खांदा आधीच हजारो वेळा फिरतो, त्याच्या मागच्या बारीक स्नायूंना बळ द्या, पुढच्या मोठ्यांना ते आपोआप येतं, असं ते सांगत. आज हेच मी मोठमोठे इंग्रजी शब्द वापरून पालकांना सांगते. पालक वहीत लिहून घेतात.

आता विहिरीची गोष्ट. मी दहावीत होते. एप्रिलमधली सकाळ होती, बाकीची पोरं गेली होती आणि मी नि सर तलावाच्या खोल बाजूला तळाशी सावलीत बसलो होतो. मी सहज विचारलं, "सर, तुम्ही पाण्यात का नाही उतरत?" ते म्हणाले, "इथं पाणी असतं तं मी इथं बसलो नसतो. मले पोहता येत नाही." मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांचं गाव किन्हीराजाच्या पुढं कुठंतरी. ते सांगत होते, "आमच्या गावात पोहायची विहीर एकच व्हती. गावातले सारे पोट्टे पाठीले भोपळा बांधून उड्या टाकत. आमच्या वस्तीतल्या पोट्ट्याइले तिच्यात उतरू देत नव्हते. पाहू देत. मंग मी रोज जाऊन काठावर बसू आन् पाहू. कोणाचा हात वाकडा पडते, कोण पाय नुसताच आपटते, कोणाचं आढं वाकते. पाण्यातल्याले सोताचा हात दिसत नाही पोरी. काठावरून लय चांगलं दिसते." मग म्हणाले, "हे कोणाले सांगजो नको. पोहता येत नाही म्हून लोक हसतीन, अन् काहून येत नाही ते कोणी इचारणार नाही." मी नाही सांगणार म्हणाले. तेव्हा मी ते मनापासूनच म्हणाले होते.

त्याच्या आदल्या वर्षी विभागाच्या स्पर्धेत मी चौथी आले होते. पहिल्या तिघी राज्य स्पर्धेला गेल्या. त्या तिघींचे खांदे मी कपडे बदलण्याच्या खोलीत पाहिले होते आणि ते माझ्या डोक्यातून जात नव्हते. सरांचं ट्यूब ओढणं, फळी धरणं मला आता पोरकट वाटायला लागलं. दादाच्या मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक परदेशी पोहणारी वजनाचा दांडा डोक्यावर ढकलत होती. दादानं व्यायामाचा दांडा आणि लोखंडी चकत्या आणून गच्चीवरच्या खोलीत ठेवल्या होत्या, चार दिवसांत त्याचा उत्साह संपला होता. दुपारी बाबा मेडिकलवर, दादा कॉलेजात, आई झोपलेली. मी गच्चीवर जाऊन दांडा डोक्यावर न्यायला लागले. आठवड्याला एक चकती वाढवायची. आरशात खांदे दिसायला लागले तेव्हा मला वाटलं, सरांना काय कळतं? टायरच तर उचलतात.

जूनमध्ये खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय केलं वं खांद्याले?" मी म्हटलं, "काही नाही, झोपेत आखडला." ते माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "तीन हप्ते हातानं काही करायचं नाही. फक्त पाय आन् पोट." मी तलावावर हो म्हटलं आणि दुपारी गच्चीवर गेले. ऑगस्टमध्ये तलाव भरला आणि दुसऱ्याच आठवड्यात, भिंतीवरून वळून चौथा हात टाकताना, माझा उजवा हात पाण्यातून वरच येईना. जीवरक्षकांनी मला ओढून बाहेर काढलं. त्या दिवशी मला स्वतःची वेणी घालता आली नाही.

बाबांनी मला अकोल्याला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला आणि मला विचारलं, "वजनं उचलतेस का गं?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "ते एक सर आहेत आमच्याकडं, तेच करून घेतात. पोती काय, ट्यूबा काय." डॉक्टर म्हणाले, "अशा अर्धवट लोकांच्या हाती कशाला देता मुलांना?" मला तिथं एक वाक्य बोलायचं होतं. बाबा, सरांनी नाही, मी गच्चीवर उचलली. एवढंच. मी गप्प बसले. मला ओरडा खायचा नव्हता, दुसरं काही कारण नाही. मी खूप वर्षं दुसरी कारणं शोधली. मी लहान होते, दुखत होतं, घाबरले होते. तेवढी लहान मी नव्हते.

परतीच्या रस्त्यावर बाबा गाडी चालवता चालवता चिडत होते. ते तलावाच्या समितीचे सचिव होते, त्यांनीच सरांना येऊ दिलं होतं, म्हणून जास्तच. वाशिमच्या अलीकडचं मालेगाव जवळ आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुला तरी कसा विश्वास वाटला गं त्या माणसावर?" म्हणजे आता राग माझ्याकडं वळत होता. तो सरांकडंच राहावा म्हणून मी म्हटलं, "बाबा, त्यांना तर पोहताही येत नाही."

बाबांनी गाडीच बाजूला घेतली. "काय?" मी पुन्हा सांगितलं. विहिरीचं सांगितलं नाही.

रविवारी समितीची बैठक तलावाजवळच्या खोलीत झाली. मला मुद्दाम नेलं होतं, झोळीत अडकवलेला हात दाखवायला. सात-आठ जण होते, चहा आला होता. कोरडे सर ड्यूटीवरून तसेच आले. अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितलं नाही की उभंही राहायला सांगितलं नाही, तेव्हा ते दाराशीच उभे राहिले.

"तुमचं शिक्षण काय?"

"दहावी. डेपोत टायर विभागात हाये मी."

"तुम्हाला पोहता येतं का?"

सरांनी एक पाऊल मागं घेतलं. मग म्हणाले, "नाही."

खोलीत हशा पिकला. कुणाच्या तरी बशीत चहा सांडला आणि त्यावर लोक आणखी हसले. अध्यक्ष म्हणाले, "मग जलतरणाचे सर कसे झालात हो तुम्ही?"

"मले सर म्हणा असं मी कोणालेच म्हटलं नाही, साहेब."

मग बाबा उठले. माझ्या हाताकडं बोट दाखवून म्हणाले, "या पोरीकडून वजनं कुणी उचलून घेतली?" तेव्हा सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. शर्यतीची शिट्टी वाजवायच्या आधी ते एकेकाकडं बघायचे, तयार आहेस ना, असं, तसंच ते पाहत होते. आणि पाहतच राहिले. मी झोळीची गळ्यामागची गाठ नीट करत बसले. ती नीटच होती. शेवटी सर बाबांना म्हणाले, "पोरगी माह्या हाताखाली व्हती. तिचा खांदा गेला तं माह्याच हाताखाली गेला." समितीनं तो कबुलीजबाब मानला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तलावावर यायचं नाही, असं ठरलं. ट्यूबच्या पट्ट्या त्यांनी नेल्या नाहीत. पुढं प्रमाणपत्रवाले नवे सर आले. त्यांनी त्या कोपऱ्यात टाकल्या आणि काही दिवसांनी त्यातली एक मला तलावाचं मोडकं फाटक बांधलेली दिसली.

इथंच संपलं असतं तरी पुरे होतं. पण दोन आठवड्यांनी जीवरक्षक घरी आले, बाबा नाहीत असं बघून, आणि माझ्या हातात सायकलच्या ट्यूबची एक पातळ पट्टी आणि एक चिठ्ठी देऊन गेले. चिठ्ठीत सरांच्या अक्षरात खांद्याचे पाच व्यायाम होते. कुठल्या आठवड्यात किती, ते लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, 'दुखलं का थांबायचं. कोणी कर म्हटलं तरी थांबायचं.' मी दार लावून ते सगळं केलं. आठ महिन्यांत हात कानाला लागला. आईबाबांनी डॉक्टरांना पेढे दिले.

स्पर्धेचं पोहणं मात्र संपलं. मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, पुढचं शिकले, नोकरीला लागले. दोन वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत मी फळीवरची कोरडी शर्यत करून दाखवली. नंतर एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी माझी पाठ थोपटून विचारलं, "ही कल्पना तुमची?" मी म्हटलं, "आमच्याकडं पाणी कमी असायचं ना, त्यातून सुचली." कुणाला सुचली ते मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्या रात्रीचं जेवण मला गेलं, झोपही लागली, हे लिहायलाच हवं. माणूस सरावतो.

मला हलवलं ते माझ्याकडच्या एका बारा वर्षांच्या मुलीनं. तिचा खांदा दुखायला लागला. मी सगळ्यांसमोर विचारलं, काय केलंस? ती म्हणाली, "मॅम, मी घरी भावाचे डंबेल्स उचलले. तुम्ही नाही म्हटलं होतं तरी." आणि रडायला लागली. तिला समजावताना मला अकोल्याचा दवाखाना आठवत होता. त्या दिवाळीत मी वाशिमला आले आणि कुणाला न सांगता मालेगावमार्गे किन्हीराजाची बस धरली.

सर निवृत्त होऊन गावी राहतात, एवढं जीवरक्षकांकडून कळलं होतं. गावाबाहेरच्या पडीक वावरात ते सापडले. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आठ-दहा मुलींना ते पळवत होते. केस पांढरे झालेले, एक गुडघा धरलेला, गळ्यात स्टॉपवॉच. मला वाटलं होतं, आधी ओळख द्यावी लागेल. त्यांनी लांबूनच विचारलं, "खांदा कसा हाये?"

घरी काकूंनी चहा केला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलींच्या नियुक्तीपत्रांच्या झेरॉक्स चिकटवलेल्या. मी सांगायला लागले. गच्ची, दांडा, चकत्या, अकोला, गाडी. माझं झाल्यावर सर म्हणाले, "मले माहीत व्हतं. ट्यूबनं तसा खांदा जातच नाही. वजन डोक्यावर नेल्याशिवाय तसा जात नाही."

"मग सर, तुम्ही बोलले काहून नाही?"

"तू बोलशीन म्हून थांबलो व्हतो."

मी रडले. काकू माझ्या पाठीवर हात फिरवायला पुढं झाल्या, सर तसेच बसून राहिले. मी विचारलं, "तुम्हाला राग आला होता?" ते म्हणाले, "आला व्हता. खोटं कायले बोलू? दोन वर्सं त्या रस्त्यानं गेलो नाही. पण वजनाचं मी सोडून देल्लं. पोट्टे चुका करतात, म्यानं बी केल्या." मग कप खाली ठेवून म्हणाले, "मले पोहता येत नाही हे तू साऱ्याइले सांगतलं. काहून येत नाही, ते नाही सांगतलं. ते काही माह्या मनातून जात नाही पोरी."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "मले सांगून काय व्हते? मले तं माहीतच व्हतं. ज्याइले माहीत नाही त्याइले सांग. तुह्या बापाले सांग." आणि मुली वाट पाहत होत्या म्हणून उठून वावराकडं गेले.

बाबांना सांगणं सोपं नव्हतं. आमच्या घरी कुणीही पाहुणा आला आणि माझ्या नोकरीचा विषय निघाला, की बाबा ती गोष्ट सांगतात. एका अडाणी माणसानं पोरीचा हात कसा घालवला होता, आपण वेळीच त्याला कसं काढलं, आणि तीच पोरगी आज कशी शास्त्रशुद्ध शिकवते. मी अनेकदा ती गोष्ट ऐकत पाहुण्यांना फराळाच्या बशा दिल्या आहेत. त्या संध्याकाळी ते पेपर वाचत होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. वजनाचं सांगितलं आणि विहिरीचंही. ती विहीर कुणाची होती, काठावर कोण बसायचं, आणि मला कुणाला सांगू नको म्हणून कसं सांगितलं होतं, ते सगळं.

बाबांनी पेपर घडी केला. पुन्हा उघडला, पुन्हा घडी केला. म्हणाले, "मग ते त्या दिवशी बोलले का नाहीत?"

"माझी वाट पाहत होते."

आई आतून विचारत होती, काय झालं, तिला आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही. मग बाबा म्हणाले, "त्या खोलीत सगळ्यात आधी मी हसलो होतो. ते नाही म्हणाले ना, तेव्हा. मी हसलो म्हणून बाकीचे हसले."

त्याला आता वर्ष होत आलं. बाबांनी पाहुण्यांना ती गोष्ट सांगणं बंद केलंय. किन्हीराजाला जायचं ते दर महिन्याला ठरवतात. मी फोन केला की म्हणतात, येत्या रविवारी नक्की. मग त्या रविवारी कुणाचं तरी लग्न निघतं, नाहीतर गुडघा दुखतो. एकदा म्हणाले, मालेगावपर्यंत गेलो होतो, तिथून परत आलो. मी त्यांना काही बोलत नाही. त्यांना घाई करायचं तोंड मला नाही.